अकोल्याहून कुंकू लावून आलेला मल्लखांब

मित्रांनो, जरा डोळे मिटा. आता कल्पना करा की तुम्हाला हात नाहीत. पाय एकच आहे आणि तोही जमिनीत खोल पुरलेला. डोक्यावर कवठाएवढे बोंड आहे, त्याखाली बारीक मान आणि तिच्याखाली खाली खाली जाड होत गेलेले अंग. अंगभर एरंडेल चोपडले आहे. धावत आलेली मुले तुमच्यावर उडी घेतात, मांड्यांनी तुम्हाला आवळतात, डोके खाली पाय वर करून लटकतात. तुम्ही मात्र हलायचे नाही आणि बोलायचेही नाही. फक्त घट्ट उभे राहायचे आणि ऐकायचे.

जमेल का? मग उघडा डोळे. मी एक जुना मल्लखांब आहे, आणि माझे सारे आयुष्य असेच गेले.

माझा जन्म मेळघाटातला. मी तिथे सागाचे झाड होतो. माझ्या पानांवर पाऊस पडला की डफ वाजल्यासारखा आवाज होई. एके वर्षी मला तोडले आणि बैलगाडीवर घालून अचलपूरच्या एका सुताराच्या दारात टाकले. त्याने मला टिचकी मारून पाहिले. त्याच्या मनात माझा गाडीचा आस करायचा होता. तेवढ्यात अमरावतीच्या कॉलेजातून निरोप आला की मुलांसाठी मल्लखांब हवा आहे. सुताराने आयुष्यात मल्लखांब केला नव्हता. त्याने चार जणांना विचारले, वाकसाने तासले, काचेच्या तुकड्याने घासले, आणि मला जमिनीवर गडगडवून आपल्या बायकोला म्हणाला, "पाह्य वं, असं गुळगुळीत लाकूड कोन्या राजाच्या पलंगाले नसन." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, तोडले ते बरे झाले.

तेव्हा आपले वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले होते आणि नाण्यांवर इंग्रजांच्या राजाचा छाप होता. अमरावतीत कॉलेज निघून फार वर्षे झाली नव्हती. कॉलेजच्या मैदानात, कडुनिंबाच्या बाजूला मला रोवले. पहाटे आणि संध्याकाळी मुले येत. कोणाचे वडील वकील होते, कोणाची कापसाची अडत होती, कोणाची शेकडो एकर काळी जमीन. आणि एक होता वामन.

वामनची वाडी गावाबाहेर वडाळीच्या अंगाला होती. त्याचे वडील उत्तमराव वांगी, पालक, मेथी आणि झेंडू पिकवत. आई गंगूबाई तो माल डोक्यावर घेऊन बाजारात बसे. वामन पहाटे मोटेचे बैल हाकायचा, मग धावत मैदानावर यायचा. त्याच्या पायांना बहुतेक वेळा वाफ्यातला चिखल असे. तो पुसल्याशिवाय त्याने मला कधी पाय लावला नाही. आणि खेळ म्हणाल तर, मुलांनो, तो माझ्यावर चढायचा नाही, उगवायचा. वेल जसा मांडवावर जातो तसा. सुईदोऱ्याचा खेळ करताना तो माझ्या आणि स्वतःच्या हातांच्या फटीतून असा निघे की खाली उभी असलेली मुले श्वास घ्यायला विसरत.

त्याच्यामागे त्याची धाकटी बहीण जमुना यायची. ती असेल आठ-नऊ वर्षांची. आईबरोबर बाजारात भाजी पोचवून ती रिकामी टोपली घेऊन मैदानावर येई आणि दादाचा खेळ संपेपर्यंत मला तेल लावण्याचे काम करी. ते काम तिला कोणी दिले नव्हते. तिने ते घेतले होते. तेल चोळता चोळता ती माझ्याशी गप्पा मारायची. लाकडाला कान असतात हे तिला कोणी न शिकवता कळले होते. पुढची कितीतरी हकिकत मला तिच्या तोंडूनच समजली.

एक दिवस उत्तमराव स्वतः मैदानावर आले. खांद्यावर पंचा, हातात बैलांचा कासरा. त्यांनी वामनचा खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला आणि मग विचारले, "झालं?"

"झालं, बाबा."

"लय उंच चढला तू. तिथून वाडी दिसते काय रे?"

"नाही."

"मले दिसते. तन मातलं तिच्यात." उत्तमराव खाली बसले. ते रागावले नव्हते, थकले होते. "पोट्ट्या, मी तुले खेळू नको म्हनत नाही. पन मले एक सांग. वांगं लावलं त वांगं भेटते. झेंडू लावला त दसऱ्याले पैसा भेटते. ह्या खांबाले काय लागते?"

वामनने मान वर करून माझ्या बोंडाकडे पाहिले. खरे सांगायचे तर तिथे काही लागलेले नव्हते.

"परीक्षेची फी भराचे दिवस आले," उत्तमराव म्हणाले. "मोटेवर गडी ठेवाचा त त्याची मजुरी. माही पाठ आता वाकत नाही. ह्या वर्षी कॉलेजानं अन् तुह्या खेळानं आपलं आपुन भागवलं, त शिक पुढं. नाही त घरी ये. मी वाईट वाटून घेनार नाही, तूबी घेऊ नको."

मित्रांनो, आता वामनपुढे काय प्रश्न होता ते तुम्हाला कळले असेल. खेळाडूने कमवायचे कसे? अखाड्यातले पहिलवान जत्रेत कुस्ती मारून रोख इनाम आणत. पण कॉलेजच्या संघाला एक नियम होता. जो पैसे घेऊन खेळेल त्याला विद्यापीठाच्या सामन्यांत जागा नाही. आणि नागपूरचे ते सामने तर महत्त्वाचे. ते पाहायला शाळाखात्याचे अधिकारी येत आणि चांगला, शिस्तीचा मुलगा दिसला की पुढे त्याला कुठल्यातरी शाळेत ड्रिल मास्तरची जागा देत. म्हणजे आज पैसे घेतले तर उद्याचा पगार गेला, आणि उद्याच्या पगाराची वाट पाहावी तर आजची फी कोण भरणार?

हे असे चालले असताना अकोल्याहून नत्थुजी आला.

नत्थुजी अकोल्याच्या एका जिनावर मुकादम होता. जीन म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा कारखाना. कापसाचा हंगाम सुरू होताना मालकाला मोठा कार्यक्रम करायचा होता आणि नत्थुजीने कुठेतरी मल्लखांबाचे नाव ऐकले होते. खेळाचे प्रमुख प्रोफेसर डबीर यांनी परवानगी दिली, पण अट घातली: मुलांचे जाणे-येणे आणि जेवण तुमचे, त्यापलीकडे एक पैसाही नको. नत्थुजी सरकीची मोटारगाडी घेऊन आला, मला उपटून तिच्यात आडवे घातले आणि निघाला. मुले मागाहून आगगाडीने येणार होती. मेळघाटातून आलो तेव्हा बैलगाडीत होतो, आता मोटारीत. बढतीच म्हणायची.

अकोल्याला जिनाच्या अंगणात कापसाच्या गंज्या लागल्या होत्या. जणू अंगणात ढग उतरवून ठेवले होते. गावोगावच्या शेतकऱ्यांच्या गाड्या सुटल्या होत्या. मध्ये खड्डा खणून मला रोवले, भोवती मऊ वाळू टाकली. तोवर दुपार झाली. मुले पलीकडच्या पडवीत जेवायला बसली. आणि इकडे एक गोष्ट घडली, जी मी पाहिली पण मुलांनी पाहिली नाही.

मनकर्णाबाई नावाची एक म्हातारी शेतकरीण आपल्या कापसाच्या गाडीबरोबर आली होती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, मला खालून वर पाहिले आणि कडाडली, "कोनं रोवली वो ही मेढ?"

तुम्हाला मेढ ठाऊक आहे ना? खळ्यात ज्वारी मळायची तेव्हा मधोमध एक खांब रोवतात आणि त्याच्याभोवती बैल फिरवतात. ती मेढ. वऱ्हाडातला शेतकरी ती पुजल्याशिवाय खळ्यात पाऊल टाकत नाही.

"मनकर्णाबाई, ही मेढ नोहे," नत्थुजी हसत म्हणाला. "हा मल्लखांब हाये. कॉलेजातले पोट्टे येच्यावर चढनार हायेत."

"चढनार? मानसं?"

"हो."

"अन् पुजा नाही केली?"

"खेळ हाये वो माय तो, खळं नोहे."

"खेळ हाये म्हनते! मानूस काय ज्वारीपेक्षा हलका हाये काय रे, नत्थ्या? ज्वारी मळाले पुजा लागते, अन् लोकायचे लेकरं वर टांगाचे त पुजा नाही? एखांदं पडलं मंग? तुह्या मालकाले सांगशीन का त्याच्या मायले तोंड दाखवाले?"

मनकर्णाबाईने पदराच्या गाठीतून हळदीकुंकू काढले, पाण्यात कालवले आणि माझ्या बुंध्याला पाच बोटे ओढली. समोर कापसाची मूठ ठेवली. मग कमरेची पिशवी सोडून एक नाणे ठेवले, हात जोडले आणि म्हणाली, "लेकरायले सांभाळजो, बाप्पा." ती गेली तशी दुसरी आली. मग तिसरी. मग गाडीवान आले, जिनातल्या बाया आल्या. कोणी माझ्या पायाशी झेंडू ठेवला, कोणी नाणे. कुंकवाच्या ओल्या हाताने ठेवलेले ते पैसे वाळूत रुतत गेले. माझी आजवर कोणी पूजा केली नव्हती. मी जरा ताठच उभा राहिलो.

मग ढोल वाजला आणि खेळ सुरू झाला. वामन शेवटी आला. काय सांगू तुम्हाला! तो माझ्या बोंडावर तोल सांभाळून आडवा झाला तेव्हा त्या गर्दीत बैलांच्या घंटांशिवाय आवाज नव्हता. आणि तो खाली उतरला तेव्हा मनकर्णाबाई सर्वांत मोठ्याने म्हणाली, "पाह्यलं? पुजा केली म्हनून!"

गर्दी पांगली. नत्थुजी गाड्यांच्या मागे गेला. मुले आवराआवर करू लागली तेव्हा वाळूत पाय घालताच वामनच्या पायाला नाणी लागली. झेंडू आणि कापूस तोवर खेळात चुरडून गेला होता. कोणीतरी म्हणाले, "वामन, शेवटी तूच खेळलास. लोकांनी तुझ्यावर उधळलेत हे." वामनने एक क्षण विचार केला. मला वाटते, त्याला वडिलांचा प्रश्न आठवला असावा. त्याने वाळू चाळून नाणी फेट्यात बांधली.

मी मनात म्हणत होतो, अरे वामन, हे तुझे नाही! पण मित्रांनो, मी सुरुवातीलाच सांगितले ना, बोलायचे नाही हा आमचा धर्म. मुले संध्याकाळच्या गाडीने गेली. सरकीचा माल भरेपर्यंत मोटार निघणार नव्हती, म्हणून मी अकोल्यातच राहिलो.

इकडे अमरावतीत जे झाले ते जमुनाने मला पुढे सांगितले.

वामनने फेटा बाबांपुढे सोडला. उत्तमराव बघतच राहिले. मग त्यांनी कधी नव्हे ते त्याच्या पाठीवर थाप मारली. "गंगे, पाह्य वं! खांब पिकला बाप्पा!" त्यांनी ती नाणी पुरचुंडीत बांधून देव्हाऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी मोटेवर गडी ठेवला आणि वामनला म्हणाले, "जा, अभ्यास कर. फीचं झालं." जमुना म्हणत होती की त्या रात्री बाबांची पाठसुद्धा दुखली नाही.

गंगूबाईला तर कोणाला सांगू आणि कोणाला नको असे झाले. बाजारात पालकाची जुडी द्यायची आणि वर बातमी द्यायची, "आमच्या वामनाले अकोल्यात इनाम भेटलं, पैशाचा पाऊस पडला नुसता." दोन दिवसांनी तिने ही बातमी पालक घ्यायला आलेल्या एका चष्मेवाल्या गृहस्थालाही दिली. ते होते प्रोफेसर डबीर.

त्यांनी वामनला बोलावले. "अकोल्यात पैसे घेतलेस?"

वामन खोटे बोलू शकला असता. तो म्हणाला, "घेतले, सर."

"नियम माहीत होता?"

"सामन्यातले पैसे घ्यायचे नाहीत हे माहीत होते. हा सामना नव्हता. लोकांनी आपणहून दिले."

"खेळाबद्दलच दिले ना? मग नियम लागतोच. परत करता येतील?"

"कोणाला परत करू, सर? शंभर हातांनी दिलेले पैसे आहेत. ते हात आता आपापल्या गावी गेले."

डबीरसाहेबांनी संघाची यादी पुढे ओढली. "मग मला तुझे नाव नागपूरच्या यादीतून काढावे लागेल. नियम मी केलेला नाही, वामन. पण पाळायचा मला आहे."

तेव्हा वामन एक वाक्य बोलला. वामनकडून ऐकून जमुनाने ते पाठ केले होते. तो म्हणाला, "सर, नियम चांगला आहे. पण ज्याच्या घरी कोठी भरलेली आहे, त्याला तो पाळायला फार सोपा आहे."

आणि तो नमस्कार करून निघून आला.

चार दिवसांनी घरी कळल्यावर उत्तमरावांनी कपाळाला हात लावला. "म्हंजे पैशे ठेवले त नागपूर गेलं, अन् नागपूरले जाचं त पैशे टाका? असा कसा रे तुमचा खेळ? आमच्या वांग्यात असं नसते." थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "राहू दे मंग. सोड कॉलेज. उद्या मी येतो तुह्यासंग अन् सायेबाले सांगतो."

ती सकाळ मला लख्ख आठवते, कारण नेमक्या त्याच सकाळी मी परत आलो.

मोटार मैदानात शिरली तेव्हा कडुनिंबाखाली डबीरसाहेब उभे होते. समोर उत्तमराव पंचा हातात धरून. वामनच्या हातात ग्रंथालयाची पुस्तके होती, परत करायला आणलेली. जमुना टोपली घेऊन जरा बाजूला. पैशांची पुरचुंडी उत्तमरावांच्या कमरेला होती. ती साहेबांना दाखवून ते म्हणणार होते की चोरीचा पैसा नाही हा.

नत्थुजीने चौघांच्या मदतीने मला उतरवून गवतावर आडवे ठेवले. "घ्या सायेब तुमचा खांब. वाटेत सरकीची गादी करून देल्ली त्याले."

मी दिसताच जमुना टोपली टाकून धावली. तिने एरंडेलाची वाटी आणि चिंधी आणली आणि माझ्या मानेपासून तेल चोळू लागली. बुंध्यापाशी आली आणि थांबली.

"दादा, येले कुंकू कोनं लावलं?"

वामनचे लक्ष नव्हते. "काय?"

"कुंकू. अन् हळद. पाच बोटं हायेत पाह्य."

नत्थुजी मोठ्याने हसला. "ते विचारूच नको, बाई! मनकर्णाबाई म्हनून एक म्हातारी हाये. मेढच समजली येले. पुजल्याशिवाय पोट्ट्यायले चढू देनार नाही म्हने. मले त असं झापलं का बाप्पा! अन् मंग काय, तिचं पाहून रांगच लागली पुजेले. पैशे काय, फुलं काय."

डबीरसाहेब दोन पावले पुढे आले. "नत्थुजी, पैसे? केव्हा ठेवले ते?"

"पोट्टे जेवाले बसले होते तवा. खेळ कुठचा, तवा ढोलसुदीक वाजला नोता."

"आणि खेळ झाल्यावर?"

"खेळ झाल्यावर टाळ्या. दुसरं काय देनार? कापसाचे पैशे कोनाले भेटले होते अजून!"

उत्तमरावांनी कमरेची पुरचुंडी सोडली. एक नाणे उजेडात धरले, अंगठ्याने घासले. राजाच्या कानामागे लाल कुंकू सुकून बसले होते. दुसऱ्या नाण्याला हळद होती. त्यांनी पुरचुंडी विस्तवावरून उचलल्यासारखी चटकन माझ्याशेजारी गवतावर ठेवली.

"अरे बाप्पा! हे त मेढीचं व्हय!" त्यांनी कानाला हात लावले. "सायेब, मेढीपुढचं आमी घरात नेत नाही. खळ्याचं खळ्यातच राह्यते. अन् मी येड्यानं ते घरात ठेवलं, अन् गंगीनं साऱ्या गावाले सांगलं!"

"घरात कुठं, बाबा?" जमुना म्हणाली. "देव्हाऱ्यातच ठेवलं होतं ना तुमी? खांबाचं होतं, देवानं सांभाळलं. आता खांबाचं खांबाले द्या."

डबीरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते मोटारीच्या पायरीवर मटकन बसले आणि हसू लागले. आठवडाभर न हसलेला माणूस हसतो तसे. "म्हणजे खेळाचे पैसे कोणी दिलेच नाहीत!"

"पण मी घेतले, सर," वामन म्हणाला. "माझे समजून घेतले."

"घेतलेस आणि विचारल्यावर सांगितलेस. आता ज्याचे त्याला देतो आहेस. याहून जास्त नियम तरी काय मागणार? पुस्तके परत ने, गाढवा."

मुलांनो, तेव्हा मला काय वाटले ते सांगू? मुसळधार पावसात भिजलेल्या लाकडाला उन्हात ठेवल्यावर आतून जो बारीक आवाज येतो ना, तसा आवाज माझ्यातून आला. मोकळे झाल्याचा. इतके दिवस मला ठाऊक असलेली गोष्ट शेवटी माझ्याच अंगावर सापडली होती, तीही जमुनाच्या चिंधीला.

पण उत्तमराव पक्के बागाईतदार. गोड बोलण्याने ते हलणारे नव्हते. "ते सारं झालं, सायेब. नाव राह्यलं, खुशीची गोष्ट हाये. पन पोटाचं जागच्या जागी हाये. फी भराची कुठून? मोटेवरच्या गड्याले मजुरी द्याची कुठून?"

"तेच सांगणार होतो," डबीरसाहेब म्हणाले. "वामन त्या दिवशी कोठीचे बोलला, ते मला झोपू देत नव्हते. काल मी गावातल्या शाळेच्या हेडमास्तरांकडे गेलो होतो. त्यांना संध्याकाळी लहान मुलांना ड्रिल आणि मल्लखांब शिकवायला माणूस हवा आहे. दरमहा पगार देतील. पहिला महिना आगाऊ. खेळायचे पैसे घेतले तर नियम आडवा येतो, शिकवायच्या मेहनतीचे घेतले तर येत नाही. मी नियमाचे पुस्तक नीट वाचून आलो आहे. नागपूरला जाता नाही आले तरी निदान कॉलेज सुटू नये, म्हणून गेलो होतो."

उत्तमराव विचारात पडले. "म्हंजे वांगं इकाचं नाही, वांगं लावाले शिकवाचं, त्याचा पैसा?"

"अगदी तसे."

"मंग माह्या बापाचा लय तोटा झाला बुवा. त्यानं मले जनमभर फुकटच शिकवलं!" आणि ते हसले. हसता हसता त्यांनी डोळे पंच्याने पुसले. "जा रे पोट्ट्या. कर मास्तरकी. पन सकाळी मोटेवर येजो, सांगून ठेवतो."

मनकर्णाबाईच्या आणि इतरांच्या पैशांतून माझ्यावर पत्र्याचे छप्पर झाले आणि एरंडेलाचा मोठा डबा आला. वामन नागपूरला गेला. त्याचा पहिला नंबर आला नाही, दुसरा आला. पण शाळाखात्याच्या अधिकाऱ्याने त्याला विचारले, "मुलांना शिकवता येते का?" आणि त्याने छातीवर हात ठेवून सांगितले, "रोज शिकवतो." पदवी घेतल्यावर तो अचलपूरला, जिथे मला सुताराने घासले त्याच गावी, ड्रिल मास्तर झाला. त्याच्या बरोबरीचा एक जण पोलीस खात्यात गेला, एक जंगल खात्यात, आणि एक सरळ पहिलवान होऊन जत्रांत इनाम मारू लागला. तोही प्रामाणिक धंदाच. त्याने कॉलेजचा संघ सोडला आणि मग इनाम घेतले, एवढेच.

आता काळ पालटला. खेळाडूंना उघडपणे पैसे मिळतात असे ऐकतो. मला त्यात वाईट वाटत नाही. रिकाम्या पोटी कोणाला माझ्यावर चढता येत नाही. तो जुना नियम बरोबर होता की चूक, हे तुम्ही मोठे झालात की ठरवा. पण पैसा हातात आला की एवढे जरूर विचारा: हा कोणी दिला, आणि कशासाठी? आणि आणखी एक मागणे. मी आता कॉलेजच्या जुन्या खोलीत, मोडक्या बाकांच्या मागे भिंतीला टेकून आहे. अंगाला चिरा पडल्या आहेत. ज्या वस्तूने तुम्हाला वर उचलले, तिला कोरडी पडू देऊ नका. थोडे तेल पुरते, मित्रांनो. फार लागत नाही.

पण मला अजून त्या मोटारीच्या सकाळनंतरची सकाळ सांगायची आहे.

मला पुन्हा रोवले होते. जमुना नेहमीप्रमाणे टोपली घेऊन आली, पण आज टोपली रिकामी नव्हती. विहिरीच्या कडेला तिने स्वतःच्या हाताने वांग्याची एक ओळ लावली होती. तिचा पहिला तोडा होता तो. जांभळी, चकचकीत, देठावर काटे असलेली वांगी. वामनला वाटले, ती बाजारात निघाली आहे. मला तेल लावून झाल्यावर तिने टोपली त्याच्यापुढे ठेवली.

"हे काय गं?"

"मास्तरचा पगार."

"कोन्या मास्तरचा?"

"तुहा. काल बाबाले सायेब म्हने ना, शिकवाचे पैशे घेतले त चालते. माह्याजवळ पैशे नाहीत, वांगी हायेत."

वामनने इकडेतिकडे पाहिले. कॉलेजच्या मैदानात तेव्हा मुली खेळत नसत. तो काहीतरी बोलणार होता. पण जमुनाने वाट पाहिली नाही. तिने परकराचा काचा मारला, हाताला लागलेले एरंडेल गवतावर पुसले, माझ्या बोंडाकडे वर पाहिले, आणि उडी घेतली.